सल्ला हवा: सेकंड एडिशनमधला वुल्फवेअर फिफ्थमध्ये कसा आणू?

रविवारचा_फड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा पाच जणांचा ग्रुप दर रविवारी दुपारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो. २०१४ ची फिफ्थ एडिशन (नियमांची पाचवी आवृत्ती), सगळे आता चौथ्या लेव्हलला. डीएम (गोष्ट चालवणारा) मी. मावसभाऊ अमेरिकेहून परत आला तेव्हा त्याने त्याची १९८९ च्या सेकंड एडिशनची पुस्तकं मला देऊन टाकली, आणि त्यात मला वुल्फवेअर सापडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वेअरवुल्फ म्हणजे लांडगा होणारा माणूस. वुल्फवेअर बरोबर उलटा, माणूस होणारा लांडगा. जुन्या इंग्रजीत 'वेअर' म्हणजे माणूस, म्हणून शब्दही उलटा फिरवलाय. त्याला शाप नाही, रोग नाही, तो मुळातच लांडगा आहे. देखण्या गवयाचं रूप घेतो, गाण्याने समोरच्याला सुस्त करतो आणि मग खातो. रेव्हनलॉफ्ट या डी अँड डी च्या भयकथांच्या जगातल्या कार्टाकास प्रांताचा सत्ताधीश हार्कन लुकास हा असाच वुल्फवेअर. तिथे गावाचा प्रमुख गाण्याच्या स्पर्धेतून निवडतात. आमच्यातला बार्ड (गाणारं पात्र) खेळणारा मुलगा सेशनमध्ये स्वतः रचलेले पोवाडे म्हणतो, त्यामुळे ही गोष्ट मला त्याच्यासाठी करायचीच आहे.

मी पुस्तकातले आकडे सरळ उचलले. एसी (वार लागायला गाठायचा आकडा) ३, म्हणजे नव्या हिशेबात २० वजा ३, १७. हिट डाइस (जीव ठरवणारे फासे) ५+१, म्हणजे साधारण २४ हिट पॉइंट (किती इजा सोसेल तो आकडा). कोल्ड आयर्न (खास घडवलेलं लोखंड) किंवा किमान +१ चं जादूचं शस्त्र असेल तरच इजा. गाणं ऐकून सेव्ह (बचावाचा फासा) चुकला तर ५ ते ८ राउंड (लढाईतल्या फेऱ्या) स्लो. मुख्य गोष्टीआधी एक छोटी झटापट घेऊन पाहिली.

तिसऱ्या राउंडला आमच्या बार्बेरियनने नैसर्गिक २० टाकला. सगळे उठून उभे राहिले. कुऱ्हाडीचं डॅमेज मोजलं, २६. समोरच्याचे हिट पॉइंट २४. आणि मला म्हणावं लागलं, "कुऱ्हाड अंगावरून घसरली, काही झालं नाही." तो मुलगा खाली बसला, फासा डबीत ठेवला आणि त्यानंतरचा तासभर फक्त "माझी टर्न? हल्ला करतो" एवढंच बोलला. तिघं गाण्याने स्लो झाले होते ते शेवटपर्यंत तसेच. जादूचं शस्त्र अख्ख्या पार्टीत एक. झटापट दोन तास चालली.

ते फासा डबीत ठेवणं डोळ्यांसमोरून जात नाही. हा प्राणी मला सोडायचा नाहीये. कसा आणू? शहराच्या गटारात वेअररॅटची (उंदीर होणाऱ्या माणसांची) टोळीही ठेवायची आहे, त्याबद्दलही सांगा.

ठाण्याचा_लोहार

चांगला धागा. मी सेकंडपासून डीएमिंग करतोय, हाच मार खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या एडिशनमधला आकडा स्वतंत्र नसतो. तो त्या एडिशनमधल्या दुसऱ्या कशाच्या तरी भरवशावर उभा असतो. 'जादूच्या शस्त्राशिवाय इजा नाही' हे सेकंडमध्ये चाले, कारण तिथे चौथ्या-पाचव्या लेव्हलपर्यंत बहुतेकांच्या हातात +१ काहीतरी आलेलं असे. छापील साहसांमध्ये ती शस्त्रं सढळ हाताने पेरलेली असत. फिफ्थमध्ये जादूची वस्तू मिळेलच असं गृहीतच धरलेलं नाही. तुम्ही कुलूप आणलंत, किल्ली त्या जुन्या पुस्तकातच राहिली.

आता २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला वेअरवुल्फ काढा. सीआर (प्राणी किती अवघड त्याचा आकडा) ३, हिट पॉइंट ५८. डीएमच्या गाइडमधला तक्ता सीआर ३ ला १०१ ते ११५ सांगतो. मग हे ५८ कुठून आले? साध्या, चांदी नसलेल्या शस्त्रांपासून त्याला इम्युनिटी आहे, आणि या लेव्हलला अशा संरक्षणासाठी हिट पॉइंट दुप्पट धरायचे असा नियम त्याच गाइडमध्ये आहे. ५८ दुणे ११६. म्हणजे संरक्षणाची किंमत हिट पॉइंटमधून आधीच वळती केलेली आहे. हे एकदा दिसलं की रूपांतर म्हणजे वाणसामानाचा हिशेब होतो: इकडे वाढवलं तर तिकडे कमी करा.

तुमच्या वुल्फवेअरसाठी मी असं करेन. इम्युनिटी काढा, रेझिस्टन्स द्या: साध्या शस्त्राने निम्मं डॅमेज, कोल्ड आयर्न किंवा जादूच्या शस्त्राने पूर्ण. हिट पॉइंट ६५ (१०डी८+२०, म्हणजे आठ बाजूंच्या दहा फाशांची सरासरी अधिक २०). रेझिस्टन्समुळे ते १३० धरायचे, म्हणजे बचाव सीआर ४ चा. एसी १७ मात्र विसरा. फिफ्थमध्ये एसी आणि हल्ल्याचे बोनस मुद्दाम आवळलेले आहेत, सीआर ४ ला १४ पुरे. हल्ल्याचं गणित आपसूक जुळतं: सेकंडमध्ये त्याचा थॅको (हल्ल्याचा जुना आकडा) १५, म्हणजे २० वजा १५, +५. ताकद १६ ठेवलीत की तोच +५ येतो. चावा २डी६+३ आणि तलवारीचे दोन वार १डी८+३ चे, सगळे लागले तर राउंडला सरासरी २५. हा हल्ला सीआर ३ चा. तीन आणि चारची सरासरी साडेतीन, ती वर ढकलायची, सीआर ४. तुमच्या पाच जणांना एकटा वुल्फवेअर नीट झुंजवेल. सोबत दोन साधे लांडगे दिलेत तर घाम फोडेल.

बार्बेरियनचे ते २६ आता १३ होतात. १३ लागलेले दिसतात, रक्त येतं, मुलगा उभा राहतो.

गाण्याचं गणित सगळ्यात फसवं आहे. सेकंडमध्ये एक राउंड म्हणजे एक मिनिट. २००० साली थर्ड एडिशन आली तेव्हापासून राउंड सहा सेकंदांचा. 'राउंड' हा शब्द तोच राहिला म्हणून आपण ५ ते ८ तसेच उचलतो, पण फिफ्थमधली झटापट बहुतेकदा तीन ते पाच राउंडमध्ये संपते. सेव्ह चुकलेला माणूस पूर्ण लढाई बाहेर! फिफ्थमधला स्लो मंत्र पाहा, त्यात दर टर्नच्या शेवटी पुन्हा विज्डम सेव्ह आहे. तेच घ्या, डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १३, साठ फुटांपर्यंत, ज्याला ऐकू येतं त्यालाच. आणि एकदा गायल्यावर डी६ वर ५-६ पडल्याशिवाय पुन्हा गाता येणार नाही असं ठेवा.

शेवटची गोष्ट, ही कृपया गमावू नका. वुल्फवेअरवर चांदी चालत नाही. खेळाडू 'लांडगा' ऐकून चांदी घेऊन येणार, आणि त्या क्षणी त्यांना कळणार की आपण भलत्याच्याच मागावर आहोत. हाच या प्राण्याचा जीव आहे. इम्युनिटी असेल तर तो क्षण पार्टीला मारतो, रेझिस्टन्स असेल तर तोच क्षण गोष्ट पुढे नेतो.

बाराफाशी

लोहारदादांशी सहमत. एक भर घालतो, फोर्थ एडिशनमधून (२००८). त्या एडिशनवर लोक फार राग धरून आहेत, पण वेअर-प्राण्यांचा प्रश्न तिने मला आवडेल असा सोडवला होता. इम्युनिटी नाहीच. रिजनरेशन ५ (दर टर्नला ५ हिट पॉइंट भरून येतात), आणि चांदीचं शस्त्र लागलं की पुढच्या टर्नला ते रिजनरेशन बंद. कोणाचाही वार फुकट जात नाही, पण चांदी नसेल तर जखमा डोळ्यांदेखत भरून येतात. टेबलवर हे सांगायलाही छान वाटतं: "तुझ्या तलवारीने कातडं फाटलं... आणि बघता बघता सांधलं."

@रविवारचा_फड, तुमच्या वेअररॅटना हे लावा. इम्युनिटी काढा, रिजनरेशन ५ द्या. सीआर काढताना रिजनरेशनच्या तिप्पट हिट पॉइंट जास्त धरायचे, म्हणजे इथे १५. २०१४ च्या वेअररॅटला ३३ आहेत, ते ५० च्या आसपास नेलेत तरी सीआर २ ला धक्का लागत नाही. गटारात पाच-सहा जण असतील तर मात्र ३३ च राहू द्या, नाहीतर दुपार त्यातच जाईल.

साडेतीन

माझं पहिलं प्रेम ३.५ एडिशन (२००३), नावावरून कळलंच असेल. तिथून रूपांतर करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण तो त्रास वेगळा आहे.

३.५ मध्ये लायकॅन्थ्रोप (वेअर-प्राणी) हा प्राणी नाही, टेम्प्लेट आहे. कोणताही माणूस, एल्फ, बुटका घ्या, त्यावर प्राणी चढवा, प्राण्याचे हिट डाइस मिळवा, तीन रूपांचे तीन आकडे काढा. एका वेअरबोअर सरदारासाठी मी एक अख्खी संध्याकाळ वहीत बेरजा केल्यात, आणि मला ते मनापासून आवडायचं. पण फिफ्थमध्ये आणताना त्या बेरजा एकही आणू नका. तयार स्टॅट ब्लॉक (प्राण्याचा आकड्यांचा तक्ता) घ्या आणि वर एखादी खासियत चिकटवा.

तिथून आणण्यासारखं एकच आहे, जन्मजात आणि बाधित यांतला फरक. ३.५ मध्ये जन्मजात लायकॅन्थ्रोपचं डॅमेज रिडक्शन १०/चांदी (चांदी नसेल तर दर वारातून १० वजा), चावा लागून झालेल्याचं फक्त ५/चांदी. आणि बाधिताच्या चाव्यातून रोग पुढे जातच नाही. गोष्टीसाठी हे सोनं आहे. टोळीतले दहा उंदीर बाधित, बिचारे. म्होरक्या एकटा जन्मजात. त्याला पकडलं की साथ थांबते.

न्यूजर्सीकर

इकडे आम्ही २०२४ च्या नियमांवर गेलो. नवं मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, त्यात हा वाद मुळातूनच काढून टाकलाय. वेअरवुल्फला कसलीही इम्युनिटी नाही. एसी १५, हिट पॉइंट ७१, सीआर तोच ३. लोहारदादांनी सांगितलेला हिशेब इथे उलटा दिसतो: संरक्षण काढलं, एसी आणि हिट पॉइंट वाढवले.

शाप मात्र जास्त भीतिदायक केलाय. शापित माणूस शून्य हिट पॉइंटवर आला की पडतो कसला, तिथेच वेअरवुल्फ होऊन १० हिट पॉइंटनिशी उठतो, आणि तो डीएमच्या ताब्यात. आमच्या टेबलवर हे एकदा घडलं. क्लेरिक (पुजारीण) पडली, चोराचं पात्र खेळणाऱ्याने तिला उठवायला हात पुढे केला, आणि डीएम म्हणाला, "तिने डोळे उघडले. पिवळे आहेत." कोणी काही बोललंच नाही.

चांदीचं महत्त्व मात्र उतरलं. आता चांदीचा मुलामा असलेलं शस्त्र रूप बदललेल्या प्राण्यावर क्रिटिकल लागलं तर एक फासा जास्त, एवढंच. मला हे कमी वाटतं. मी बाराफाशींचं रिजनरेशन वापरेन.

रविवारचा_फड (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. लोहारदादा, ५८ दुणे ११६ वाचून पुस्तक उघडून बसलो आणि वेअरटायगर, वेअरबेअर, सगळ्यांचा हिशेब करून पाहिला.

शापाबद्दल अजून विचारायचं होतं. सेकंडमध्ये बाधा होण्याची शक्यता दर हिट पॉइंटमागे १ टक्का. अठरा पॉइंटचा चावा, तर १८ टक्के. फिफ्थमध्ये प्रत्येक चाव्याला सेव्ह आहे. यातलं काय घेऊ?

ठाण्याचा_लोहार

चांगलं विचारलंत. वेअरवुल्फच्या डीसी १२ वर, ज्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह +२ आहे तो दर चाव्याला ४५ टक्के वेळा चुकतो. तीन चावे खाल्ले तर शाप लागण्याची शक्यता ८३ टक्के! म्हणजे २०१४ मध्ये शाप जवळपास लागतोच, पण पाचव्या लेव्हलचा क्लेरिक शाप काढणारा रिमूव्ह कर्स मंत्र म्हणतो आणि विषय संपतो. जुन्या खेळात तो क्वचित लागे, आणि लागला की अख्खं कॅम्पेन त्याच्याभोवती फिरे. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये तर आपल्या एकूण हिट पॉइंटच्या निम्म्याहून कमी चावा लागला असेल तर बाधाच नाही. धोका आणि उतारा ही जोडी आहे. एकच उचलली तर बिघडते.

मी वापरतो तो नियम देतो, घरचा आहे. लढाई संपल्यावर एकदाच सेव्ह. त्या लढाईत चाव्यांनी जेवढं डॅमेज झालं त्याचा निम्मा आकडा किंवा १०, यातलं जे मोठं तो डीसी. मार खाताना मंत्र टिकवायच्या कॉन्सन्ट्रेशनचाच नियम, त्यामुळे कोणाला समजवावं लागत नाही. आणि उतारा महाग करा: रिमूव्ह कर्स फक्त पौर्णिमेच्या रात्रीच लागू पडेल. मग त्या रात्रीपर्यंत शापिताला सांभाळायचं कोणी, बांधून ठेवायचं कुठे, गावाला सांगायचं का, हे सगळं खेळाडू आपणहून बोलायला लागतात.

पण एक लक्षात ठेवा, हे सगळं वेअररॅटसाठी. वुल्फवेअरच्या चाव्याने काहीच लागत नाही. तो रोगी नाही.

वत्सनाभ

मी खेळते कमी, वनस्पतीशास्त्र शिकवते जास्त, म्हणून एक दुरुस्ती. ३.५ च्या नियमात लायकॅन्थ्रोपीवर उतारा म्हणून बेलाडोनाची डहाळी दिलीय (तासाभरात खायची, डीसी २० चा सेव्ह), आणि कंसात 'म्हणजेच वुल्फ्सबेन' असं लिहिलंय. ही दोन पूर्ण वेगळी झाडं आहेत. बेलाडोना आपल्या वांग्या-धोतऱ्याच्या कुळातली. वुल्फ्सबेन म्हणजे अ‍ॅकोनाइट, आपल्याकडचा बचनाग त्याच्याच जातीतला, आयुर्वेदात वत्सनाभ. दोन्ही जहाल विषारी.

रूपांतर करताच आहात तर ही वेगळी करा: एक डहाळी माणसाला वाचवते, दुसरी लांडग्याला मारते, आणि गावातल्या वैदूबाईला फरक माहीत आहे. खेळाडूंना कोणती कोणती ते ओळखावं लागेल. आणि टेबलवर शोभेसाठी म्हणूनही खरा बचनाग आणू नका ही कळकळीची विनंती. त्याचं विष कातडीतूनही भिनतं.

साडेतीन

ताई, हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या वहीत आत्ता दुरुस्त केलं.

बाराफाशी

थोडं अवांतर, पण विषय तोच. चांगलं रूपांतर कसं असतं याचा नमुना म्हणून राक्षस बघा. म्हणजे डी अँड डी मधला, वाघाचं डोकं आणि उलटे तळवे असलेला. आपल्या आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाशी त्याचं नातं बरंच लांबचं आहे, आणि लहानपणी ते चित्र बघून मी हिरमुसलो होतो. पण रूप बदलून घात करणं त्यांनी बरोबर पकडलंय.

१९७७ मध्ये तो मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने एका फटक्यात मरे. ३.५ मध्ये त्याचं डॅमेज रिडक्शन १५, 'गुड आणि पिअर्सिंग' शस्त्रानेच भेदता येणारं. २०१४ मध्ये सज्जन माणसाने चालवलेल्या जादूच्या टोकदार शस्त्राने त्याला दुप्पट इजा. तीन एडिशन, तीन वेगळे नियम, पण प्रत्येकात तोच बाण आहे. मंत्रांचंही तसंच: आधी आठव्या लेव्हलखालचे मंत्र चालत नसत, २०१४ मध्ये सहाव्यापर्यंतचे चालत नाहीत. आकडा हलला, उद्धटपणा तोच.

वुल्फवेअरचा 'बाण' म्हणजे कोल्ड आयर्न. फिफ्थच्या शस्त्रांच्या यादीत तो नाही, तुम्हालाच गावात पेरावा लागेल.

ठाण्याचा_लोहार

आणि पेरताना तो महाग करू नका. ३.५ मध्ये कोल्ड आयर्नचं शस्त्र साध्याच्या दुप्पट किमतीत मिळे. खोल खाणीतलं लोखंड, कमी आचेवर घडवलेलं. गावच्या लोहाराकडे असू द्या, तो ते कशासाठी ठेवतो हे त्यालाही धड माहीत नसू द्या. आजोबांपासून चालत आलंय, बस्स.

रविवारचा_फड (धागाकर्ता)

काल खेळलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पार्टीने चांदीच्या टोकांचे वीस बाण करून घेतले होते, दहाला १०० सोन्याची नाणी या दराने दोनशे गेली. गाण्याची स्पर्धा झाली, आमच्या बार्डने खरोखर उभं राहून पोवाडा म्हटला, शेजारच्या काकू दारात येऊन ऐकत थांबल्या. मग वुल्फवेअर गायला. दोघं स्लो झाले, एक पुढच्याच टर्नला सुटला.

रेंजरने पहिला चांदीचा बाण मारला, लागला, ११. मी म्हटलं, "बाण रुतला, पण जखम उथळ आहे. तो तुझ्याकडे बघून हसतोय." ती माझ्याकडे बघत राहिली, मग शीटकडे, मग हळूच म्हणाली, "हा वेअरवुल्फ नाहीये." त्यानंतर सगळे एकदम बोलायला लागले. लोहाराच्या दुकानात दारावर ठोकलेली घोड्याची नाल मी पहिल्याच तासात सांगितली होती आणि कोणी लिहून घेतली नव्हती. बार्बेरियनला ती आठवली. तो झटापट सोडून दुकानाकडे पळाला, दोन राउंड गेले, नाल उपटून मुठीत धरून परत आला. मी ती कामचलाऊ हत्यार धरली, १डी४, पण कोल्ड आयर्नची म्हणून डॅमेज पूर्ण.

शेवटचा वार त्याचाच. आठ पडले, पाच हवे होते.

वेअररॅटचं गटार पुढच्या रविवारी. म्होरक्या जन्मजात, बाकी बाधित, रिजनरेशन ५. वत्सनाभताई, वैदूबाई गावात आलीय, तिच्या अंगणात दोन्ही झाडं लावलीत. जांभळ्या घंटेसारखी फुलं कोणाची आणि टोपीसारखी कोणाची, एवढं एकदा सांगाल का?

वत्सनाभ

घंटेसारखी फुलं बेलाडोनाची, मळकट जांभळी, नंतर काळी चकचकीत फळं धरतात. टोपीसारखी निळी-जांभळी फुलं अ‍ॅकोनाइटची. वैदूबाईला हातमोजे द्या.